पेडल स्टीलची घूं आणि खरखर : पिकअपला हात लावण्याआधी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीत एक जुनी पेडल स्टील उभी आहे. ही पायांवर आडवी ठेवलेली इलेक्ट्रिक गिटार, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची; पेडल किंवा लिव्हर दाबला की तारांचा सूर बदलतो. दहा तारा, तीन पेडल, चार गुडघ्याचे लिव्हर. अमेरिकेतल्या चुलतभावानं घर आवरताना ती मला दिली. पहिल्या संध्याकाळी अँप सुरू केला, बार अजून तारांवर ठेवलाही नव्हता, तोच स्पीकरमधून घूं सुरू झाली. व्हॉल्यूमचं पेडल दाबलं की तिच्यात खरखर मिसळायची. पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा त्यांच्याखालचा भाग, गेला असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तो काढायला घेतला. पिकअप धडधाकट होता. काढताना त्याची केसाहून बारीक तार माझ्या हातून तुटली, आणि वाद्य पुढे सहा महिने मुकं राहिलं.

ज्यांच्या घरी असं जुनं वाद्य नुकतंच आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जुना पिकअप हा त्या स्टीलचा गळा असतो. तो एकदा गेला की तसाच दुसरा मिळत नाही. म्हणून पिकअपपर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचायचं, बाकी सगळं निर्दोष आहे याची खात्री पटल्यावर. इंदुरात पेडल स्टील विरळाच, पण गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांमुळे इलेक्ट्रिक हवाईयन गिटार मात्र कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहे. व्हॅन शिपले यांची वादनं ऐकून किंवा ब्रिजभूषण काबरा यांनी त्या गिटारवर वाजवलेले राग ऐकून आमच्या आधीच्या पिढीनं हौसेनं ती घेतली होती. तारा सहा असोत की दहा, पिकअपचं तत्त्व एकच, त्यामुळे खालचं जवळजवळ सगळं त्या वाद्यांनाही लागू पडतं.

आधी जिवाची काळजी

पेडल स्टील वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय पेडलवर, गुडघे लिव्हरवर आणि हातात लोखंडी बार असतो. म्हणजे वीज गळत असेल तर ती अंगातून जायला या वाद्याइतकी सोपी वाट दुसरी नाही. अमेरिकेतून आलेला अँप १२० व्होल्टचा असतो आणि आपण त्याला २३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर जोडतो. बाजारात मिळणारे असे बरेच ट्रान्सफॉर्मर ऑटो जातीचे असतात. त्यांत आतलं आणि बाहेरचं वाइंडिंग वेगळं नसतं, त्यामुळे ते व्होल्टेज कमी करतात पण घरच्या लाइनपासून तुम्हाला तोडत नाहीत. अँपला जुनी दोन पिनांची प्लग असेल तर धोका आणखी वाढतो.

अँप सुरू केल्यावर तारांना हात लावण्याआधी साधा टेस्टर तारांना आणि पायांच्या पाइपला लावून पाहा. दिवा लागला तर बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. घूं कमी होते म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो कधीही ऐकू नका. आणि अँपचं खोकं स्वतः उघडू नका. जुन्या व्हॉल्व्हच्या अँपमधले कपॅसिटर वीज काढल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात.

आवाज कसला आहे?

घाई न करता पाच मिनिटं नुसतं ऐका. हीच खरी पहिली पायरी.

खोल, एकसारखी घूं असेल तर ती विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. पेटीच्या हिशेबात हा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. अँपच्या पॉवर सप्लायची घूं बहुधा १०० ची, म्हणजे तोच सूर एक सप्तक वर. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून तिथली घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी बसते. पेटी जवळ घेऊन सूर लावून पाहा. घूं पांढरी पाचशी जुळत असेल तर ती घरच्या लाइनमधून येते आहे.

घूंऐवजी झर्रर असा टोकदार, माशी अडकल्यासारखा आवाज असेल तर तो एलईडी बल्ब, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर किंवा स्वस्तातला इन्व्हर्टर यांच्याकडून येतो. खरखर, चरचर येते ती पॉटमधून (आवाज कमी-जास्त करणारा भाग), जॅकमधून (केबल खोचायची जागा), किंवा कुठल्यातरी सुटलेल्या सांध्यातून. अँप मोठा केला की शीळ घातल्यासारखी किंकाळी येत असेल तर मात्र पिकअपवर संशय घ्यायला जागा आहे. आणि आवाज एकदम पातळ झाला, खर्ज नाहीसा होऊन नुसती चिरकी टोकं उरली, तर कॉइल, म्हणजे पिकअपमधलं तारेचं वेटोळं, तुटली असण्याची शक्यता मोठी. तुटलेल्या कॉइलमधूनही थोडा आवाज येत राहतो. नवशिका इथेच फसतो, आवाज येतोय म्हणजे पिकअप चालू आहे असं त्याला वाटतं.

वाद्याबाहेरच्या तीन गोष्टी

त्याच अँपला, त्याच केबलनं दुसरी गिटार जोडा. घूं तशीच राहिली तर स्टील निर्दोष.

मग स्टीलला व्हॉल्यूम पेडल न लावता थेट अँपमध्ये जोडा. माझ्या घरची खरखर इथेच गेली असती, मी हे केलं असतं तर. व्हॉल्यूम पेडलमधला पॉट संध्याकाळभर पायाखाली मागे-पुढे होत असतो, कुठल्याही गिटारच्या पॉटपेक्षा कितीतरी जास्त. त्यातली कार्बनची पट्टी झिजते आणि धूळ बसते. जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मिळतो. पॉटच्या फटीत एक फवारा मारून तीस-चाळीस वेळा पेडल वर-खाली करा. फरक पडला आणि आठवड्यात खरखर परत आली, तर पॉट बदला. पेडल स्टीलला बहुधा ५०० किलोओहमचा, ऑडिओ टेपर असलेला पॉट लागतो. साधा लिनिअर पॉट घेऊ नका. त्यानं सगळा आवाज पेडलच्या एका टोकाला गोळा होतो आणि सूर हळूहळू फुलवता येत नाही, आणि पेडल स्टीलचा अर्धा जीव त्या फुलवण्यात आहे.

तिसरी गोष्ट घराची. खोलीतले दिवे, पंखा, चार्जर एकेक करून बंद करत जा. आमच्याकडे घूं होती ती जिन्याखालच्या इन्व्हर्टरची. स्टील फूटभर सरकवा, थोडी फिरवा. फिरवल्यावर घूं कमी-जास्त होत असेल तर पिकअप आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतो आहे. सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपचा तो स्वभावच आहे, त्यात बिघाड काही नाही. अँपचा ट्रान्सफॉर्मर पिकअपपासून जितका दूर तितकं बरं.

आता तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर तारा अर्थला जोडलेल्या आहेत. काहीच फरक पडला नाही तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग आहे का ते पाहण्यावर) ठेवून एक टोक चेंजरला, म्हणजे तारा जिथे वळतात त्या धातूच्या भागाला, आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावा. बीप वाजली नाही तर मधली वायर तुटली आहे किंवा कधी नव्हतीच. एक वायर जोडली की कित्येकदा अर्धा आवाज तिथेच जातो.

वाद्य उलटं करताना

हे सगळं करूनही बिघाड पिकअपमध्येच दिसला, तर मग स्टील खाली घ्या. पाय आणि पेडलच्या सळ्या काढून, पलंगावर जाड गोधडी अंथरून वाद्य पालथं करा. पेडलची ओढ तारांपर्यंत नेणाऱ्या आतल्या सळ्या आणि बेलक्रँक यांना हात लावू नका. तुम्ही सहज फिरवलेला एक नट पुढचे दोन दिवस सूर लावण्यात घालवतो. मोबाइलवर भरपूर फोटो काढा, प्रत्येक वायरचा रंग आणि जागा दिसेल असे.

पिकअप समोर येईल. फायबरच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये प्रत्येक तारेखाली एक असे अल्निको या मिश्रधातूचे दहा गोल चुंबक, आणि त्यांच्याभोवती हजारो वेढे तांब्याच्या तारेचे. वरून सुती किंवा कागदी पट्टी. खालच्या बाजूला दोन डोळे, म्हणजे धातूच्या बारीक कड्या, आणि त्यांना सोल्डर केलेल्या दोन वायर. एवढंच. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५० च्या दशकात नॅशव्हिलला शो-बड ही पेडल स्टीलची कंपनी सुरू केली, त्या काळापासून या पिकअपची घडण फारशी बदललेली नाही.

मोजण्याआधी पिकअपची एक वायर पॉटपासून किंवा स्विचपासून सोडवा. तशीच ठेवली तर मीटर दोन्ही मिळून मोजेल आणि रीडिंग खोटं येईल. मीटर २० किलोओहमवर ठेवा, नुसता १ दिसला तर २०० वर. जुन्या पेडल स्टीलचे पिकअप साधारण ८ पासून २० किलोओहमपर्यंत काहीही दाखवतात, त्यामुळे 'बरोबर' असा एकच आकडा नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंदूरच्या डिसेंबरात १५ अंशांना १६ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४० अंशांना साडेसतरा दाखवतो. एका तालीमवाल्या मित्राचा पिकअप 'वाढला' म्हणून तो घाबरून माझ्याकडे आला होता. मे चालू होता.

२०० वरही काहीच आलं नाही, तर कॉइल तुटली आहे. आकडा एक-दोन किलोओहमवर घसरला असेल तर आत वेढे एकमेकांना चिकटले आहेत.

हिरवा ठिपका

कॉइल तुटली म्हणजे ती आत खोलवरच तुटली असं नाही. फार वेळा ती तुटते डोळ्यापाशी, जिथे बारीक तार जाड वायरला भेटते. तुटायचं कारणही नेहमीचंच : ओल, जुना फ्लक्स, हाताचा घाम. ओळखीतल्या एका हवाईयन गिटारवर मी पट्टीचं टोक चिमट्यानं उचललं तेव्हा भिंगाखाली मोहरीएवढाही नाही असा हिरवा ठिपका दिसला. तार तिथे गंजून तुटली होती आणि दोन्ही टोकं एकमेकांपासून केसभर अंतरावर होती.

अशा वेळी कॉइलचं बाहेरचं टोक असेल तर नशीब चांगलं. एक वेढा हलकेच सोडवा, तेवढी तार हाताला मिळते. टोकाची वार्निश बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून एकदा-दोनदा ओढून काढा, जोरानं नाही. २५ वॅटची सोल्डरिंग, रोझिन असलेली ६०-४० सोल्डर. डबीतली आम्लाची पेस्ट वापरू नका, दोन पावसाळ्यांत पुन्हा तोच हिरवा ठिपका उगवेल. डोळ्याला सोल्डरचा एक थेंब आधीच देऊन ठेवा, बारीक तार त्यावर टेकवा, सोल्डरिंग एका सेकंदासाठी लावा आणि उचला. सांध्यापाशी तार ताणलेली नको, किंचित सैल हवी. त्या गिटारवर आधी काहीच न दाखवणारा मीटर ७.४ वर आला तेव्हा आम्ही दोघं काही क्षण बोललोच नाही.

आतलं टोक, म्हणजे चुंबकाला लागून असलेला पहिला वेढा, तुटला असेल तर सोडवायला काही नसतं. तो पिकअप पुन्हा वाइंड करावा लागतो.

आणखी एक बिघाड पाहून ठेवा. वाजवताना चुंबकाच्या टोकाला बोट लागलं की झर्रर येते? मग कॉइलचा आतला वेढा वार्निश जाऊन चुंबकाला चिकटला आहे. पिकअपच्या एकेका वायरपासून प्रत्येक चुंबकापर्यंत मीटर लावा. चांगल्या पिकअपमध्ये दोन्हीकडून काहीच दिसत नाही. इथे एका वायरकडून जवळजवळ शून्य येईल. त्या वायरला अर्थची वायर करा आणि दुसरीला गरम, म्हणजे आवाज वाहून नेणारी; थोडक्यात, दोघींची अदलाबदल करा. चुंबक अर्थला गेला की झर्रर थांबते. चुंबकाचा स्पर्श एकाच ठिकाणी असेल तर पिकअप असाच वर्षानुवर्षं चालतो. पिकअप फोडण्यापेक्षा हा उपाय मला शंभर पटींनी बरा वाटतो.

शीळ आणि मेण

पिकअपवर पेन्सिलच्या लाकडी टोकानं हलकं टकटक करा. थोडा आवाज येणारच. पण दारावर थाप मारल्यासारखा खणखणीत आला, तर वेढे आत सैल झाले आहेत आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागतो आहे. आधी त्याचे स्क्रू आणि खालचं रबर पाहा. रबर वाळून दगड झालं असेल तर नवं घाला. बऱ्याच वेळा तेवढ्यानंच शीळ थांबते.

नाही थांबली तर मेण. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचं मेण, जे खादी ग्रामोद्योगच्या दुकानात विचारावं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, त्यात मेण. मेणाचं पातेलं थेट गॅसवर ठेवायचं नाही, मेण पेट घेतं. थर्मामीटर हवाच : मेण ६५ अंशांच्या आसपास ठेवा, ७० च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर जुन्या बॉबिनच्या, म्हणजे ज्यावर तार गुंडाळलेली असते त्या सांगाड्याच्या, पट्ट्या वाकतात. वितळलं की गॅस बंद करून पिकअप वायरला धरून अलगद सोडा. बुडबुडे यायला लागतील, ती वेढ्यांमधली हवा. पंधरा-वीस मिनिटांत ते थांबतात. वर काढा, निथळू द्या, चुंबकांची टोकं कापडानं पुसा आणि रात्रभर हलवू नका. प्लास्टिकचं बॉबिन असेल तर हा प्रयोग करू नका.

४२ नंबर

आता माझ्या तुटलेल्या पिकअपचं. मूळ तार ४२ नंबरची होती, म्हणून मी एका वाइंडिंगच्या दुकानात तो देताना '४२ नंबर तार घाला' एवढंच सांगितलं. कारागिरानं मन लावून काम केलं. पिकअप परत आला तेव्हा मीटरवर १३ च्या जागी २ किलोओहम, आणि आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

चूक नंबरात होती. अमेरिकन मोजणीतलं ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंगच्या दुकानात नंबर ब्रिटिश मोजणीचे चालतात, आणि त्यातलं ४२ म्हणजे ०.१०२ मिलिमीटर, दीडपटीहून जाड. जाड तारेचे वेढे तेवढ्याच जागेत निम्म्याहूनही कमी बसतात. अमेरिकन ४२ ला आपल्याकडचं ४६ जवळ पडतं, ०.०६१. अमेरिकन ४४ ला आपलं ४७. म्हणून नंबर कधीच सांगू नका, मिलिमीटर सांगा, आणि तार आल्यावर मायक्रोमीटरनं मोजा.

पंख्याच्या आणि मोटारच्या वाइंडिंगची मशीन या तारेसाठी नसतात, ताण थोडा जास्त झाला की ती तुटते. ज्यानं आधी गिटारचे पिकअप वाइंड केले आहेत, जो वेढे मोजतो, त्याच्याकडेच द्या, मग भले पार्सल दुसऱ्या शहरात पाठवावं लागो. माझा दुसऱ्यांदा असाच पाठवला. आज तो १२.८ दाखवतो आणि त्याच्यात जुनी गोडी आहे.

बदलायचाच असेल तर

काही जणांना घूं अजिबात नको असते, स्टेजच्या दिव्यांखाली वाजवणाऱ्यांना तर नकोच. त्यांच्यासाठी हंबकर आहे. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याची रचना केली : दोन कॉइल, वेढ्यांची दिशा उलट, चुंबकांचे ध्रुवही उलट. विजेची घूं दोघांत विरुद्ध येऊन संपते, तारेचा आवाज मात्र मिळून वाढतो. मोबदल्यात वरच्या सुरांची थोडी चमक जाते. मी स्वतः सिंगल-कॉइलची घूं सहन करतो, पण हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न आहे.

मागवण्याआधी पिकअपच्या ठिकाणी पहिल्या तारेच्या मध्यापासून शेवटच्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तारांची संख्या, पिकअपची लांबी, रुंदी, उंची, स्क्रूंमधलं अंतर, सगळं कागदावर. फेंडर कंपनीच्या जुन्या ४०० आणि १००० या पेडल स्टीलवर एका गळ्याला, म्हणजे तारांच्या एका संचाला, आठच तारा आहेत, तिथे दहा तारांचा पिकअप बसत नाही. साध्या गिटारचा सहा तारांचा तर नाहीच. दहा तारांचा पिकअप मला इंदुरात कुठल्याही दुकानात दिसलेला नाही, तो बाहेरूनच येतो, कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. बसवताना लाकूड कोरायची वेळ आली तर तो पिकअप परत करा. जुन्या स्टीलचं लाकूड कोरू नये.

बसवल्यावर पिकअप आणि तारा यांच्यात ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा. फार जवळ नेलात तर चुंबक तारांना ओढतात आणि लांब धरलेला सूर डगमगतो. पहिल्या आणि दहाव्या तारेचा आवाज सारखा होईपर्यंत एकेक बाजू पाव फेरा फिरवा, बार फिरवून ऐका, परत फिरवा. याला अर्धा तास लागतो, लागू द्या.

काढलेला पिकअप फेकू नका, तुटलेला असला तरी. मऊ कापडात गुंडाळून डबीत ठेवा, स्पीकरजवळ किंवा दुसऱ्या चुंबकाजवळ नको, अल्निकोची ताकद त्यानं कमी होते. डबीवर वाद्याचं नाव, वायरचे रंग, रीडिंग आणि त्या दिवशीचं तापमान लिहा.